एका हातात भत्ता, दुसऱ्या हातात पेन्शन

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या बोरी अरबमध्ये मला कवी म्हणून ओळखणारी माणसं मोजकीच आहेत. अर्ज लिहून देणारा माणूस म्हणून ओळखणारी मात्र पुष्कळ. बी.ए. झालेला, अक्षर बरं असलेला आणि दुपारी घरी सापडणारा माणूस गावाला लागतोच. गेल्या काही वर्षांत या अर्जांच्या निमित्ताने एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला. प्रश्न विचारताना माणूस आवाज खाली आणतो आणि दाराकडे बघतो. प्रश्न असा की, ‘मला दुसरीकडून थोडंफार मिळतं, ते सांगितलं तर हे बंद होईल का?’

‘हे’ म्हणजे काम गेल्यावर मिळणारा भत्ता किंवा सरकारी अनुदान. ‘दुसरीकडून’ म्हणजे पेन्शन, विम्याचे पैसे, प्रॉव्हिडंट फंड, अपघाताची भरपाई. प्रश्न साधा आहे, पण त्याचं एकच एक उत्तर नाही. म्हणूनच त्याच्याभोवती अफवा फार. कोणी म्हणतं, दोन्ही घेतलं तर वसुली निघते. कोणी म्हणतं, काही सांगूच नका, कोणाला कळतंय! या दोन सल्ल्यांपैकी पहिला माणसाला हक्कापासून दूर ठेवतो आणि दुसरा त्याला अडचणीत आणतो. म्हणून आज हा विषय जरा सावकाश उलगडून बघू.

आधी एक गोष्ट मनात पक्की करू या. काम सुटल्यावर माणसाच्या हातात येणारा पैसा तीन प्रकारचा असतो. पहिला, स्वतःच्या पगारातून साठलेला किंवा केलेल्या नोकरीबद्दल मिळणारा. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी या प्रकारातली. दुसरा, वर्गणी भरून मिळवलेलं विम्याचं संरक्षण. कामगार राज्य विमा योजना, जिला आपण ‘ईएसआय’ म्हणतो, ती या प्रकारातली. आणि तिसरा, गरज पाहून सरकारने दिलेली मदत. संजय गांधी निराधार अनुदान हे त्याचं आपल्याकडचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण. पहिल्या प्रकारात तुम्ही मालक असता, दुसऱ्यात सभासद आणि तिसऱ्यात अर्जदार. दुसरं उत्पन्न आड येतं की नाही, हे बहुतेक वेळा या भूमिकेवर ठरतं.

बेकारी भत्ता हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली. १९६०च्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता द्यायचा, असं त्या कायद्यात होतं. भत्ता किती? दिवसाला किमान एक रुपया. आज ऐकून हसू येईल, पण त्या एका रुपयामागे फार मोठा विचार होता. काम न मिळणं हा माणसाचा दोष नाही, काम न देणं ही सरकारची चूक आहे, असं तो रुपया सांगत होता. या योजनेसाठी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे गावातल्या बंधाऱ्यापर्यंत पोचायचे.

पुढे २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ला तो पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यांत आपला यवतमाळ जिल्हा होता. त्या कायद्यात भत्त्याचा हिशेब असा होता: मागणी करूनही पंधरा दिवसांत काम नाही मिळालं, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यानंतर त्या आर्थिक वर्षात किमान निम्मी रक्कम. या भत्त्यावर मर्यादा कोणती? कुटुंबाचे शंभर दिवस भरले, किंवा मजुरी आणि भत्ता मिळून शंभर दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम हाती आली, की भत्ता थांबायचा. सांगितलेल्या कामावर माणूस पंधरा दिवसांत गेला नाही, तर तीन महिने भत्ता नाही. यात पेन्शनचा उल्लेखच नव्हता. श्रावणबाळ योजनेचे पैसे घेणाऱ्या आजीबाईने काम मागितलं, तरी ती प्रौढ आहे आणि अंगमेहनतीचं काम करायला तयार आहे एवढंच पुरे. वयाची वरची अट नव्हती.

मग हा भत्ता आपल्या ओळखीच्या कोणाला मिळाला का? बहुतेकांचं उत्तर ‘नाही’ असंच येईल. त्याचं एक कारण असं की मजुरीचा पैसा केंद्राचा आणि भत्त्याचा भार राज्याचा, अशी वाटणी होती. भत्ता देणं म्हणजे राज्याने आपल्या खिशातून दंड भरणं. दुसरं कारण आपल्या बाजूचं. काम तोंडी मागितलं जायचं, तारखेची पावती घेतली जायची नाही. पावती नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? डिसेंबर २०२५मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. कायद्याचं नाव बदललं तरी पावतीचं महत्त्व बदलत नाही.

आता शेताच्या बांधावरून कारखान्याच्या फाटकाकडे जाऊ. आपल्या भागातली पोरं जिनिंगचा हंगाम संपला की नागपूर, पुणे, सुरतेकडे जातात. तिथे कारखान्यात लागली की पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते. १ जुलै २०१९पासून कामगाराचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के झाला. ही कपात म्हणजे फक्त दवाखान्याचे पैसे, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यातच नोकरी गेल्यावरचा भत्ताही आहे.

यात दोन योजना लक्षात ठेवा. पहिली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५पासूनची. ती कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कामाबाहेरच्या इजेमुळे किमान चाळीस टक्के कायमचं अपंगत्व आलं तर लागू होते. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८पासूनची. तिची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे. सुरुवातीला हिच्यात सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के भत्ता होता. करोनाच्या काळात, मार्च २०२०पासून, तो पन्नास टक्के करण्यात आला. जास्तीत जास्त नव्वद दिवस, तेही आयुष्यात एकदाच. किमान दोन वर्षं विमा असावा आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी, ही अट. महिन्याला बारा हजार पगार असेल तर रोज साधारण चारशे रुपये धरा. त्याचे निम्मे दोनशे. नव्वद दिवसांचे झाले अठरा हजार. श्रीमंती येत नाही, पण तीन महिन्यांचा किराणा आणि मुलांची फी निघते.

आता मूळ प्रश्न. ही योजना दुसऱ्या उत्पन्नाकडे कशी बघते? इथे मला आमच्या वस्तीतल्या एका माणसाची गोष्ट सांगितली पाहिजे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात काम करताना यंत्रात त्याची दोन बोटं गेली. त्याबद्दल ईएसआयकडून त्याला दर महिन्याला थोडी रक्कम मिळते, कायमच्या अपंगत्वाची. पुढे कारखान्यातली माणसं कमी केली, त्यात त्याचंही काम गेलं. तो गावी आला आणि सहा-सात महिने घरी बसला. भत्त्याचा अर्ज का नाही केला, असं मी विचारलं, तर म्हणाला, “मले त्या दोन बोटायचे पैसे भेटतात ना भाऊ. हे मांगाले गेलो अन् तेही बंद झाले तं?” त्याच्याच सोबत्याने त्याला तसं सांगितलं होतं.

सोबत्याचं म्हणणं अगदी हवेतलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. योजनेत अट आहे की, भत्त्याच्या काळात ईएसआयची दुसरी रोख भरपाई त्याच दिवसांसाठी घेता येणार नाही. म्हणजे आजारपणाचा लाभ आणि बेकारीचा भत्ता एका दिवसासाठी दोन्ही नाहीत. ते समजण्यासारखं आहे. आजारपणाचा लाभ म्हणतो, ‘हा माणूस आज कामावर जाऊ शकत नाही’. बेकारीचा भत्ता म्हणतो, ‘हा जाऊ शकतो, पण कामच नाही.’ एकाच दिवशी दोन्ही गोष्टी कशा खऱ्या असतील? पण त्याच अटीच्या पुढच्या वाक्यात स्पष्ट लिहिलं आहे की, कायमच्या अपंगत्वाचे पैसे मात्र चालू राहतील. कारण ते त्या दिवसाच्या रोजाचे पैसे नाहीत, गेलेल्या बोटांचे आहेत. काम असो वा नसो, बोटं परत येत नाहीत.

सोबत्याने अटीचं पहिलं वाक्य ऐकलं होतं, दुसरं ऐकलं नव्हतं. एवढ्याने एका घराचे अठरा हजार रुपये बुडायची वेळ आली होती. नोकरी गेल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो, आणि त्याचं वर्ष अजून संपलं नव्हतं. आम्ही अर्ज भरला. त्याला भत्ता मिळाला आणि बोटांचे पैसेही चालू राहिले.

आणखी एक अट अशी की, याच कारणासाठी दुसऱ्या कायद्याखाली तसाच लाभ मिळत असेल, तर दोन्ही घेता येत नाहीत. ‘तसाच’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. म्हणून राजीव गांधी योजना आणि अटल योजना एकत्र नाहीत. पण ग्रॅच्युइटी हा ‘तसाच’ लाभ नाही. ती केलेल्या नोकरीची आहे. आयुर्विम्याची पॉलिसी पिकली, तिचे पैसे आले, तर तोही बेकारीचा भत्ता नव्हे. घरचं एकूण उत्पन्न किती, असा प्रश्न ही योजना विचारत नाही. ईएसआयचा १९४८चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, तेव्हा अर्ज करताना चालू परिपत्रक शाखा कार्यालयात वाचून घ्यावं.

मात्र एका ठिकाणी दार बंद आहे. निवृत्तीचं वय झालं म्हणून नोकरी संपली किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर या दोन्ही योजनांत भत्ता नाही. गैरवर्तनामुळे काढलं तरी नाही. स्वेच्छानिवृत्तीचं मात्र मनाला लागतं. गिरण्यांच्या काळात कितीतरी माणसांनी अशा कागदावर सह्या केल्या आणि त्यात ‘स्वेच्छा’ किती होती, हे सही करणाऱ्यालाच ठाऊक. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, २००२ साली बंद पडली. पहिली भत्ता योजना आली २००५ साली. म्हणजे तिथल्या कामगारांना हा आधार मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या कामगाराला तो आहे. म्हणून कागदावर ‘कपात’ लिहिलं आहे की ‘स्वेच्छा’, हे सहीआधी वाचलंच पाहिजे. त्या एका शब्दावर भत्ता अवलंबून असतो.

बाहेरच्या देशांत याचं काय करतात, तेही पाहू. ब्रिटनमध्ये १९११च्या कायद्याने बेकारीचा विमा सुरू झाला. आज तिथे वर्गणीवर आधारलेला भत्ता घेणाऱ्याला नोकरीची पेन्शन मिळत असेल, तर आठवड्याला पन्नास पौंडांपर्यंतची पेन्शन सोडून देतात आणि त्यावरची जेवढी असेल तेवढा भत्ता कमी करतात. अमेरिकेत १९७६च्या दुरुस्तीने पेन्शनची रक्कम भत्त्यातून वजा करण्याचा नियम आला. १९८०मध्ये तो सौम्य झाला: ज्या मालकाकडचं काम गेलं त्याच मालकाने दिलेली पेन्शन प्रामुख्याने धरावी आणि कामगाराने स्वतः भरलेला वाटा राज्यांना विचारात घेता यावा. म्हणजे साऱ्या जगापुढे प्रश्न तोच आहे. स्वतःच्या कष्टाचं कोणतं आणि समाजाने दिलेलं कोणतं, ही रेघ सगळेच ओढतात. फक्त कोणी इकडे ओढतो, कोणी तिकडे.

आपल्याकडे ही रेघ सर्वांत जास्त बोचते ती तिसऱ्या प्रकारात, गरज पाहून दिलेल्या मदतीत. संजय गांधी निराधार योजनेची सर्वसाधारण उत्पन्न मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१ हजार रुपये आहे. अनुदान २०२३मध्ये महिन्याला दीड हजार झालं. आता दोन विधवा बहिणी समोर ठेवा. दोघींचे नवरे कारखान्यात होते, दोघींना भविष्य निर्वाह निधीची कुटुंब पेन्शन आहे, दुसरं काही उत्पन्न नाही. एकीला १,७०० रुपये, दुसरीला १,८००. पहिलीचं वर्षाचं उत्पन्न २०,४०० झालं; ती मर्यादेच्या आत. तिला निराधारचे दीड हजार मिळून महिन्याला ३,२०० रुपये पडतील. दुसरीचं २१,६०० झालं; ती मर्यादेबाहेर. तिला मिळणार फक्त १,८००. पेन्शन शंभर रुपयांनी जास्त म्हणून हातात महिन्याला चौदाशे रुपये कमी! वर्षाचे झाले १६,८००.

याला मी कडा म्हणतो. डोंगरावरून उतरायला पायवाट असली तर माणूस हळूहळू उतरतो. कडा असला तर पाऊल चुकलं की तळाशीच. ब्रिटनच्या नियमात पायवाट आहे: पेन्शन वाढली तेवढाच भत्ता कमी. आपल्याकडेही पायवाटेचं उदाहरण आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत, ज्या शेतकरी महिलांना नमो शेतकरी योजनेतून सन्मान निधी मिळून महिन्याला हजार रुपये पडतात, त्यांना वरचे पाचशे दिले गेले. कोणाला ते कमी वाटलं, पण हिशेबाची पद्धत कड्यापेक्षा बरी होती. उलट पीएम-किसानमध्ये पुन्हा कडाच आहे: महिन्याला दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेल्या निवृत्ताला तो सन्मान निधी नाही. निराधारच्या मर्यादेतही कड्याऐवजी पायवाट हवी, असं माझं मत आहे. २१ हजारांवर जेवढं उत्पन्न, तेवढंच अनुदान कमी करावं. गरिबातल्या गरिबाला शंभर रुपयांसाठी खोटं बोलायची पाळी येऊ नये.

राहिला पहिला प्रकार, आपला स्वतःचा साठा. काम गेलं की माणूस आधी प्रॉव्हिडंट फंडाकडे धावतो. २०१८च्या डिसेंबरपासून एक महिना बेकार राहिल्यावर पंचाहत्तर टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेली रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर २०२५मध्ये विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला की पंचाहत्तर टक्के लगेच आणि उरलेले पंचवीस बारा महिन्यांनी द्यावेत. त्यावर नाराजीही उमटली. पैसा ज्याचा आहे त्याला तो हवा तेव्हा मिळावा, हे म्हणणं चूक नाही. पण पऱ्हाटीच्या मुलखात राहणाऱ्याला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही: बियाण्यासाठी राखलेले दाणे दळून खाल्ले, तर मृगात पेरायचं काय?

पेन्शनचंही तसंच. कर्मचारी पेन्शन योजनेत पूर्ण पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण अलीकडे घेतलेल्या दर वर्षामागे चार टक्के कमी, आणि ती कपात जन्मभराची. तीन महिन्यांची अडचण भागवायला कोणी जन्मभराची पेन्शन कापून घेऊ नये. बेकारीचा भत्ता नेमका यासाठीच असतो. तो आधी मागावा, साठ्याला हात नंतर लावावा. पुष्कळ जण नेमकं उलट करतात, कारण फंडाचं कार्यालय माहीत असतं आणि भत्त्याची योजना ठाऊक नसते.

तेव्हा कोणताही अर्ज भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. हा पैसा माझ्या साठ्यातला, विम्याचा की मदतीचा? त्याच दिवसांसाठी, त्याच कारणासाठी दुसरीकडून मला काही मिळतं का? आणि या योजनेत उत्पन्नाची मर्यादा आहे का, असेल तर ती कोणाच्या उत्पन्नाची, माझ्या की कुटुंबाच्या? या तिन्हींची उत्तरं मिळाली की भीती निम्मी ओसरते. मग जे मिळतं ते लपवू नका. आधार आणि बँक खातं जोडलेलं असताना ते लपतही नाही, आणि पुष्कळदा लपवायची गरजच नसते. नियम पूर्ण वाचा किंवा वाचून घ्या, अर्धा ऐकून घरी बसू नका. आणि अर्ज दिला की तारीख आणि शिक्का असलेली पोच घ्या.

शेवटी कवी असल्यामुळे शब्दांविषयी दोन शब्द. ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगिजांच्या भाषेतून आला, ‘विमा’ फारसीतून. ‘अर्ज’, ‘रक्कम’ आणि ‘हक्क’ मूळचे अरबी. सगळे इथे आले आणि मराठीत असे रुजले की त्यांचं मूळ गाव कोणी विचारत नाही. अरबीत ‘हक’ या शब्दाचे दोन अर्थ होतात: अधिकार आणि सत्य. मला ते फार आवडतं. आपला हक्क मागताना खरं सांगावं आणि खरं सांगणाऱ्याचा हक्क बुडू नये. त्यातलं पहिलं आपण करायचं आहे. दुसरं सरकारने.